२०५ लिटरची फळी आणि ३५,३४९ रुपये

विंडसर्फिंगचा जुना बोर्ड, म्हणजे शीड लावून वाऱ्यावर पाण्यात चालवायची फळी, ॲपवरून घ्यायला गेलो आणि फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी ‘किती गेले?’ म्हणून विचारायला नको. ३५,३४९ रुपये. १९ मेला २,०००, २१ मेला १९,०००, २४ मेला ६,३५० आणि २६ मेला ७,९९९. चारही वेळा पिन मीच टाकला.

‘विंडसर्फिंग काय धानाच्या बांधीत करणार होता का?’ हेही विचारू नका. गावात ते विचारून झालं आहे, अजून चालूच आहे. मी चार वर्षं गोव्यात एका हॉटेलच्या किनाऱ्यावर कामाला होतो. पाहुण्यांचे बोर्ड धुता धुता, शिडं गुंडाळता गुंडाळता शिकलो. आता पवनी तालुक्यात घरची पिठाची चक्की आणि तीन एकर धान पाहतो. गोसे धरणाचं पाणी गावापासून दीड किलोमीटरवर आलेलं आहे आणि मृगाच्या आधी त्या पाण्यावर जो वारा सुटतो, तो पाहून माझे हात अजूनही शिवशिवतात. पोरगी आठ वर्षांची. पोहते चांगली. माझा जुना व्हिडिओ तिनं पाहिला आणि ‘बाबा, मलेबी’ सुरू झालं.

म्हणजे मला बोर्ड कळतो. फसलो तो त्याच्यामुळेच.

बाप आणि लेकरू दोघांना एकच बोर्ड घ्यायचा म्हणजे काय काय पाहावं लागतं, ते मी वहीत लिहून काढलं होतं. माझं वजन ७२, तिचं २४. तिला पुढे बसवून चालवायचं म्हणजे ९६ किलो, तेव्हा दोनशे लिटरच्या आसपासचा बोर्ड हवा, नाहीतर वारा पडला की उभं राहणं मुश्कील. पण नुसता मोठा घेऊनही चालत नाही. पाटासारखा रुंद बोर्ड २४ किलोच्या पोरीच्या पायाला जुमानत नाही, ती एकटी उभी राहिली तर तो वळायचं नाव घेत नाही. म्हणून रुंदी ऐंशी सेंटिमीटरच्या आत. मधोमध पाण्यात खाली सोडता येणारं पातं, म्हणजे डॅगरबोर्ड, पाहिजेच, नाहीतर शिकाऊ माणूस वाऱ्याबरोबर आडवा वाहत जातो आणि मग पलीकडच्या काठावरून बोर्ड डोक्यावर घेऊन या. शिडं मात्र दोन लागतात, त्यात काटकसर नाही: मला साडेपाच चौरस मीटरचं आणि तिला दोनचं, बारीक मास्टवर, म्हणजे शिडाच्या काठीवर. मोठ्या माणसाचं शीड पाण्यात पडलं की त्यावर पाणी चढतं, ते लेकराच्यानं उचलल्या जात नाही. दोनदा ओढेल, तिसऱ्यांदा रडेल, चौथ्यांदा येणारच नाही.

हे सगळं ज्यात बसतं तो टेक्नो २९३. लांबी २९३ सेंटिमीटर, रुंदी ७९, २०५ लिटर, डॅगरबोर्डसकट. पोरांच्या स्पर्धांना चालतो आणि बापालाही पेलतो.

जुन्या सामानाच्या ॲपवर जाहिरात दिसली: ‘विंडसर्फिंग बोर्ड, गोवा, पावसाळ्यामुळे वॉटरस्पोर्ट्स बंद, ४२,००० फुल सेट.’ पावसाळ्यात तिथं हा धंदा खरंच बंद असतो, मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून संशय आला नाही. तो फौजी असल्याचं सांगत नव्हता, ओळखपत्राचे फोटो पाठवत नव्हता, बदली झाल्याचं रडगाणं नव्हतं. ते जुने प्रकार मला माहीत आहेत हो! मी काही अडाणी नाही.

फोन केला. पहिलाच प्रश्न विचारला, ‘किती लिटरचा आहे?’

तो म्हणाला, ‘सर, पाणी अजिबात धरत नाही. गॅरंटी.’

हे वाक्य मी आता रात्री दोन वाजता उठून ऐकतो. बोर्ड विकणाऱ्याला लिटर म्हणजे काय ते माहीत नाही! लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान, तो किती वजन तरंगवेल त्याचा हिशोब. किनाऱ्यावरच्या चहा देणाऱ्या पोराला हे ठाऊक असतं. तिथंच फोन ठेवायचा होता. मी काय केलं? मी हसलो. आणि त्याला शिकवायला बसलो! लिटर म्हणजे काय, दोनशेच्या वर का पाहिजे, लेकरू पुढे बसवता आलं पाहिजे, टेक्नो असेल तर २०५ असेल. दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर उत्तर आलं: ‘सर चेक केला. टेक्नो आहे. २०५ लिटर.’ मी खूश.

पुढचंही तसंच. ‘डॅगरबोर्ड आहे ना?’ आहे सर. ‘लहान मुलाचं दोनचं शीड आहे ना?’ आहे सर, दोनचंच आहे. ‘मास्ट बारीक असेल ना?’ एकदम बारीक सर. वकील आपल्याच साक्षीदाराला पढवतो तसा मी त्याला पढवत होतो. जुनी वस्तू घेताना प्रश्नात उत्तर कोंबू नका. ‘खाली काय काय आहे, एकेक दाखवा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. आणि व्हिडिओ कॉल. फोटो नको, व्हिडिओ कॉल. बोर्ड उलटा करायला लावा, मास्ट बसते त्या खाचेत बोट घालून दाखवायला सांगा. मी विचारलं होतं, तर म्हणे किनाऱ्यावर नेटवर्क नाही. व्हॉट्सॲपवर मात्र उत्तर मिनिटाच्या आत.

आधीचे २,००० आणि १९,००० पाठवताना नाव एका बाईचं आलं. ‘वहिनीचं खातं आहे सर.’ असेल बुवा. आमच्या चक्कीचा क्यूआर कोडही बायकोच्याच नावावर आहे.

मग बिल्टी आली. ट्रान्सपोर्टची छापील पावती, शिक्का, गाडी नंबर, सगळं. भाडं ६,३५०, आधी भरायचं. भरलं. दोन दिवसांनी ‘गाडी चेकपोस्टवर अडली, ७,९९९ भरा, माल उतरला की परत मिळतील’. भरले. मग आणखी ११,५०० मागितले आणि तेव्हा कुठे मी ती बिल्टी बायकोला दाखवली. ती चक्कीवर काट्याजवळ बसली होती, हाताला पीठ. तिनं मोबाईल हातात न घेताच वाकून पाहिलं.

‘अहो, वजन २०५ किलो लिहिलं आहे. पाच कट्टे धान होते हे. तुम्ही तर म्हणत होते एका हातानं उचलते म्हणून?’

बोर्ड भरतो बारा-तेरा किलो. त्या हरामखोरानं लिटरचे किलो केले होते! मी शिकवूनही त्याला समजलं नव्हतं. आणि ती बिल्टी माझ्याकडे दोन दिवस होती, मी ती झूम करून गाडी नंबर पाठ केला होता. खोटं कशाला बोलू, २०५ हा आकडाही दिसला होता. ओळखीचा आकडा पाहून उलट बरं वाटलं होतं.

लाजेपायी चार दिवस मी कोणालाच बोललो नाही. ही दुसरी घोडचूक. पैसे गेले की त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, रडायचं नंतर. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर अडवता येते. मी कळवलं ३० मेला. तोवर खातं रिकामं. स्क्रीनशॉटही आधीच काढून ठेवा. माझ्याकडचे निम्मे मेसेज त्यानं दोन्हीकडून पुसले.

मग ठाण्यात गेलो.

‘काय घेतलं म्हनता?’

‘विंडसर्फिंगचा बोर्ड.’

‘मोटर हाय का त्याले?’

‘नाही.’

‘मंग बेचाळीस हजार काहून?’

मी चित्र काढून दाखवलं. दोन शिपाई पाहायला आले. एक म्हणाला, ‘आमच्या इथं डोंगा पाच हजारात भेटते.’ शेवटी अर्जात ‘पाण्यावर चालणारी फळी’ असं लिहून घेतलं. पोच मागितली तर साहेब बाहेर. दुसऱ्या दिवशी साहेब होते, म्हणाले आरोपी गोव्याचा, तिकडे तक्रार करा. आरोपी गोव्याचा हे त्याचंच म्हणणं, आणि माझ्या वाट्याला आलेली त्याची एवढी एकच गोष्ट पोलिसांनी खरी मानली! नात्यातल्या एका वकिलानं सांगितलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीचं जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे. मी हे कागदावर लिहून नेलं. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला. ‘तुम्हीच करा मग तपास.’

जिल्ह्याला पाठवलं. जिल्ह्यानं बँकेकडे. बँकेत साहेब म्हणाले, ‘पिन तुम्ही टाकला, ओटीपी तुम्ही पाहिला, आम्ही काय करणार?’ बरोबर आहे. पण पैसे ज्या खात्यात गेले ते खातंही कुठल्या तरी बँकेनंच उघडून दिलं ना? तिथं त्या ‘वहिनी’ची केवायसी कोणी केली? मी कर्जाला गेलो की सातबारा, आठ-अ, जामीनदार, जामीनदाराचा सातबारा. तिला कोणी काही विचारलं नाही? या प्रश्नावर त्यांनी पंखा फास्ट केला. चार चकरा, पेट्रोल आणि झेरॉक्स धरून १,१४० रुपये. ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

ऑनलाइन तक्रारीवर अजून ‘प्रक्रियेत’ दिसतं. मधे एकाचा फोन आला, ‘तुमचे पैसे काढून देतो, १,५०० फाइल चार्ज.’ तोही त्यातलाच. माझा नंबर त्याला कुठून मिळाला, याचा विचार करा.

पोरीला सांगितलं, गाडी रस्त्यात बिघडली. ती रोज विचारते, सुधरली का.

काल तेच ॲप उघडलं. जाहिरात परत आहे. नाव नवं, नंबर नवा, गाव आता मालवण, किंमत ४५,०००. फोटो तेच. मजकूर मात्र वाढला आहे: ‘टेक्नो २९३, २०५ लिटर, डॅगरबोर्ड, मोठं शीड साडेपाच, छोटं दोन, बारीक मास्ट. वडील आणि मुलांसाठी उत्तम. लेकरू पुढे बसवता येते.’

मालवणचा माणूस ‘लेकरू’ म्हणत नाही.