रेवाचे कान आणि स्टेरॉइड नसलेलं औषध : नऊ महिने वापरल्यावर

रेवा आमची लॅब्रॅडॉर. वय साडेआठ, वजन ३१ किलो, मुक्काम सातारा. तिला मधुमेह आहे आणि सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक असं दोन वेळा इन्सुलिन टोचावं लागतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण स्टेरॉइड नसलेलं औषध शोधायला निघालो ते फक्त या मधुमेहापायी. तिच्या शरीराला स्टेरॉइड झेपत नाही. तुमच्या कुत्र्याला अशी काही अडचण नसेल तर माझा अनुभव वाचून चालू असलेलं औषध मधेच बंद करू नका, ही कळकळीची विनंती.

कानाचा त्रास तिला दुसऱ्या वर्षापासूनचा. पाऊस लागला की पंधरा दिवसांत कान खाजवायला लागायची, डोकं झटकायची. कानातून चॉकलेटी मळ यायचा आणि आंबलेल्या पिठासारखा वास. दवाखान्यात नेलं की थेंबांची बाटली मिळायची. सात दिवस घातली की कान छान, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा पहिल्यासारखं. पुढे पुढे तर मी दवाखान्यातही नेईनाशी झाले. कपाटातली उरलेली बाटली काढायची आणि घालायची. कानाच्या आत काय चाललंय हे एवढ्या वर्षांत एकदाही कुणी ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायचं दिव्याचं उपकरण, घालून पाहिलं नव्हतं, आणि मीही कधी ‘आत बघा’ म्हटलं नव्हतं. त्याची रुखरुख आजही आहे.

कुत्र्यांच्या कानाची बहुतेक औषधं थ्री-इन-वन असतात: जिवाणूंसाठी अँटिबायोटिक, बुरशीसाठी अँटिफंगल आणि सूज-खाज उतरवायला स्टेरॉइड. यातलं स्टेरॉइड एक-दोन दिवसांत काम दाखवतं. कुत्रं शांत झोपतं, आपल्याला वाटतं बरं झालं. आतली बुरशी मात्र जायला दोन ते चार आठवडे घेते. आमच्या ‘सात दिवसांत बरं’चं खरं रूप हे होतं.

मधुमेहाचं निदान झाल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात, गेल्या जूनमध्ये, मी सवयीने तीच बाटली काढली. चौथ्या दिवशी रेवा पाण्याचं भांडं रिकामं करून परत माझ्याकडे बघत उभी. रात्री दोनदा लघवीला उठवलं. घरच्या मशीनवर एरवी दोनशेच्या आसपास असणारी साखर ३८० दाखवायला लागली. इन्सुलिन तेवढंच, जेवण तेवढंच. फोनवर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “दुसरं कुठलं औषध चालू आहे का?” मी कानातल्या थेंबांचं औषध मोजलंच नव्हतं. सुजलेल्या, सोललेल्या कातडीतून कानातलं स्टेरॉइडही अंगात शोषलं जातं आणि इन्सुलिनला दाद देईनासं करतं. त्यांनी हेही सांगितलं की संसर्गानेसुद्धा साखर चढते, त्यामुळे सगळा दोष थेंबांवर टाकता येणार नाही. पण संसर्ग तर बरा करायचाच होता, आणि तोही स्टेरॉइडशिवाय.

मग पहिल्यांदा नीट तपासणी झाली. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग आडवी वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. म्हणून वरून बघून काहीच कळत नाही. डॉक्टरांनी आधी आत कुसळ अडकलंय का ते पाहिलं. आम्ही अजिंक्यताऱ्याच्या बाजूला फिरायला जातो आणि पावसाळा संपला की तिथलं कुसळी गवत अंगभर चिकटतं. एखादं कुसळ नळीत शिरलं तर कुठल्याही थेंबांनी कान बरा होत नाही, ते काढावंच लागतं. कुसळ नव्हतं, गोचीड नव्हती, कानातले किडेही नव्हते. कानाचा पडदा शाबूत होता. हे पडद्याचं फार महत्त्वाचं आहे, कारण पडदा फाटला असेल तर काही औषधं आतल्या कानात उतरून ऐकू येणं कायमचं बिघडवू शकतात.

नंतर दोन्ही कानांतला मळ कापसाच्या काडीवर घेऊन काचपट्टीवर लावला, रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. मला बोलावून दाखवलं. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगा सांडाव्यात तसे निळे-जांभळे ठिपके, गच्च. ती मॅलासेझिया, म्हणजे यीस्ट. डाव्या कानात फक्त यीस्ट, उजव्यात यीस्ट आणि शिवाय गोल जिवाणू. ही तपासणी पंधरा मिनिटांत झाली आणि तिचे ४०० रुपये पडले. त्याआधीच्या सहा वर्षांत मी थेंबांवर किती घालवले याचा हिशेब न केलेलाच बरा. स्टेरॉइडविना उपचार करायचा असेल तर माझ्या मते ही काचपट्टीच पहिली पायरी आहे. सूज दाबणारं काही हाताशी नसताना मारायचं काय आहे हे तरी नेमकं माहीत हवं.

डॉक्टरांनी एक अट घातली. नळी सुजली होती तरी ओटोस्कोप आत जात होता, म्हणून स्टेरॉइडशिवाय प्रयत्न करता येईल. नळी बंद झाली असती तर औषध खाली उतरलंच नसतं. मग थोडे दिवस स्टेरॉइड देऊन, इन्सुलिनचा डोस त्यांच्या देखरेखीखाली बदलून सूज उतरवावी लागली असती. ‘स्टेरॉइड नको’ एवढंच धरून बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बंद नळीचं कुत्रं वेदनेने तळमळत असतं.

आमचा उपचार असा होता. दर तिसऱ्या दिवशी ट्रिस-ईडीटीए आणि क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेल्या द्रवाने कान धुणं, आणि रोज दोन वेळा साधं अँटिफंगल, म्हणजे क्लोट्रिमॅझोलचे थेंब. ट्रिस-ईडीटीए जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खेचून घेतं, त्यामुळे ते आवरण कमजोर पडतं आणि दुसरं औषध आत शिरतं. उजव्या कानाला त्याचा फायदा झाला, वेगळं अँटिबायोटिक लागलं नाही.

मात्रेबद्दल मी वर्षानुवर्षं चुकत होते. ‘चार-पाच थेंब’ एवढ्या मोठ्या कुत्र्याच्या नळीच्या तळाशी पोचतच नाहीत. आम्हाला प्रत्येक कानात १ मिलिलिटर सांगितलं होतं, ते मी सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घालत होते. बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धरायची, गार औषध कानात गेलं की रेवा दचकते. घालून झालं की कानाच्या बुडाशी, गालाच्या मागे जो कडक नळीसारखा भाग लागतो तो अर्धा मिनिट हळूहळू चोळायचा. पचक पचक आवाज आला म्हणजे औषध खाली उतरलं. मग तिला ओट्यावर सोडून डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेलं तेवढंच कापसाने टिपायचं. इअरबड आत घालायची नाही, मळ आणखी खाली दाबला जातो.

पहिले सहा दिवस कठीण गेले. कोणी म्हणत असेल की स्टेरॉइड नसलेलं औषधही तितकंच झटपट आराम देतं, तर माझ्या अनुभवात ते खरं नाही. खाज तशीच होती. रात्री तिच्या कान झटकण्याच्या आवाजाने घरातले आप्पा उठून तिच्याजवळ जाऊन बसायचे, तिचा पाय धरून ठेवायचे. जोरात झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साठतं आणि पाळी फुग्यासारखी फुगते, ती भीती होती. डॉक्टरांनी पाच दिवस कुत्र्यांसाठीची वेदनाशामक गोळी दिली. आपल्या घरातल्या डोकेदुखीच्या गोळ्या कुणी देऊ नका, आयब्युप्रोफेन तर कुत्र्याला विषासारखं आहे. सातव्या दिवशी वास कमी झाला. दहाव्या दिवशी ती सलग रात्रभर झोपली. चौदाव्या दिवशीच्या काचपट्टीवर शेंगा विरळ होत्या, अठ्ठाविसाव्या दिवशी जवळपास नव्हत्या. साखर मात्र पहिल्याच आठवड्यात खाली यायला लागली होती, आणि मला तरी तेवढ्यासाठी ते सहा दिवस सोसण्यासारखे वाटले.

थेंब आम्ही तेव्हा, अठ्ठाविसाव्या दिवशी थांबवले. दिसायला कान तिसऱ्या आठवड्यातच स्वच्छ झाला होता. काचपट्टी बघूनच औषध थांबवायचं, ही एक सवय जरी आधी लागली असती तर बरंच टळलं असतं.

ऑगस्टच्या शेवटी डाव्या कानाला पुन्हा किंचित वास यायला लागला. त्या वेळी माझी बहीण न्यू जर्सीहून आली होती, तिच्याकडून झायमॉक्स हे कानाचं औषध मागवलं होतं. त्यात अँटिबायोटिक नाही. लॅक्टोपेरॉक्सिडेज, लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन ही दुधात, लाळेतही असणारी प्रथिनं आहेत. घेताना नीट बघा, कारण याचे दोन प्रकार मिळतात. एकात १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन असतं, म्हणजे स्टेरॉइडच, दुसऱ्यात नसतं. बहिणीने आधी पहिलाच प्रकार उचलला होता, फोटो पाठवला म्हणून वेळीच कळलं. आणखी एक वेगळेपण असं की हे घालण्याआधी कान धुवायचा नसतो. दिवसातून एकदा, चौदा दिवस घातलं. पहिल्यांदाच सौम्य पातळीवर पकडलेल्या यीस्टवर ते चांगलं चाललं, झोंबलं अजिबात नाही आणि रेवा शांत बसून घालून घ्यायची. जूनसारख्या गच्च भरलेल्या, दुखऱ्या कानावर मी एकट्या याच्या भरवशावर राहिले नसते. इथे मागवायचं म्हटलं तर खर्चही बराच येतो.

कुठलीही बाटली घेताना घटकांची यादी वाचायची आता सवय झाली आहे. बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, मोमेटासोन, प्रेडनिसोलोन, ट्रायमसिनोलोन: नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘लोन’ दिसलं की मी बाटली खाली ठेवते आणि डॉक्टरांना विचारते. वरच्या वेष्टनावर ‘नॅचरल’, ‘हर्बल’ काय लिहिलंय त्यावर जात नाही.

ओळखीच्या बऱ्याच जणांनी खोबरेल, कडुलिंबाचं तेल, हळद असं सुचवलं. मायेनेच सुचवलं. पण मॅलासेझिया कातडीवरच्या तेलकटपणावरच पोसते, आणि त्या वळणदार नळीत गेलेलं तेल मळाला धरून तिथेच बसतं. व्हिनेगरही एकांनी सांगितलं. सोललेल्या कानात ते किती झोंबेल याची कल्पनाच करवत नाही.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी जे विचारलं ते खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं होतं: दोन्ही कान वारंवार का बिघडतात? यीस्ट आणि जिवाणू निरोगी कानातही थोडे असतातच, ते माजतात ते दुसऱ्या कशामुळे तरी. कुत्र्यांत बहुतेक वेळा ते कारण ॲलर्जी असतं. रेवा पुढचे पंजे चाटायची, त्यावर तांबूस डाग पडले होते, आणि आम्ही ती तिची सवय समजत होतो. खाण्यातल्या ॲलर्जीत बीफ, दूध, कोंबडी, गहू हे वारंवार सापडणारे पदार्थ. आमच्याकडे रोज कोंबडी-भात आणि आप्पांच्या ताटातली दूध-पोळी.

आठ आठवडे फक्त डॉक्टरांनी आखून दिलेलं जेवण: बोकडाचं मटण, भोपळा, थोडा भात, ठरलेल्या वजनाने, इन्सुलिनच्या वेळा सांभाळून आणि साखर रोज तपासून. मधुमेही कुत्र्याचं जेवण आपल्या मनाने असं बदलू नका. दूध-पोळी बंद करणं रेवापेक्षा आप्पांना जड गेलं, पण त्यांनी एक घासही दिला नाही. सहाव्या आठवड्यात पंजे चाटणं थांबलं. आठ आठवडे झाल्यावर मुद्दाम कोंबडी परत दिली, आणि चौथ्या दिवशी कान लाल. एवढी वर्षं मी औषधं बदलत होते आणि कारण रोज ताटलीत वाढत होते. हे लिहिताना अजून घसा दाटतो. खाज थांबवणारी ओक्लासिटिनिबची गोळी, जी स्टेरॉइड नाही, डॉक्टरांनी गरज पडली तर म्हणून राखून ठेवली होती. ती लागली नाही.

आता मार्च चालू आहे. ऑक्टोबरपासून, ते कोंबडीचे चार दिवस सोडले तर, थेंब घालावे लागलेले नाहीत. आठवड्यातून एकदा सॅलिसिलिक ॲसिड असलेल्या क्लीनरने कान साफ करते आणि कण्हेर धरणाच्या पाण्यात डुंबून आली की त्याच दिवशी. त्याहून जास्त नाही, सारखं धुऊनही नळीची कातडी ओली राहते आणि नाजूक होते. उजव्या कानाची नळी डाव्यापेक्षा अजून थोडी जाड लागते. इतक्या वर्षांच्या सुजेची ती खूण आहे, आणि ती पूर्ण जाईल असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, दोन्ही कानांची काचपट्टी करून घ्यायचं ठरलं आहे. जुन्या उरलेल्या सगळ्या बाटल्या टाकून दिल्या. कपाटात आता फक्त क्लीनर आहे, त्यावर उघडल्याची तारीख आप्पांच्या अक्षरात.