गोळ्यांचा साप्ताहिक डबा: सांधेबदलानंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांसाठी, काही महिन्यांच्या वापरानंतर

रक्त पातळ करणारी गोळी चुकायला लागते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. टाके निघालेले असतात, चालणं सुधारलेलं असतं, "आता कशाला?" असं वाटू लागतं. पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका मात्र तेव्हा टळलेला नसतो.

सात दिवस, सकाळ-संध्याकाळ असे चौदा कप्पे असलेला साधा डबा इथे चांगला चालतो. रिव्हारॉक्साबॅन ही अशीच एक गोळी: १० मिग्रॅ दिवसातून एकदा, सहसा गुडघ्यासाठी १२ दिवस आणि खुब्यासाठी ३५ दिवस. ३५ गोळ्या म्हणजे डबा बरोबर पाच वेळा भरायचा. पट्टी दहाची असेल तर तीन पट्ट्यांत पाच गोळ्या कमी पडतात, आणि कोर्स नेमका तिथेच तुटतो. डबा भरताना हे आधीच लक्षात येतं. शेवटच्या गोळीची तारीख झाकणावर चिकटपट्टी लावून लिहावी. अपिक्साबॅन ही त्याच कामाची दुसरी गोळी २.५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा असते; तिथे संध्याकाळचा कप्पाच जास्त वेळा भरलेला सापडतो.

डब्याचा खरा फायदा वेगळाच. "घेतली की नाही?" या शंकेपायी दुसरी गोळी खाल्ली जात नाही. रिव्हारॉक्साबॅन चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत.

डॅबिगॅट्रान या याच कामाच्या कॅप्सूलला मात्र हा डबा अजिबात नको. ती दमट हवेत खराब होते, म्हणून घेण्याच्या वेळीच मूळ वेष्टनातून काढायची. गिळायला जड जाते म्हणून फोडूनही घ्यायची नाही: आतले दाणे मोकळे झाले की औषध कितीतरी जास्त शोषलं जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिच्यासाठी कॅलेंडरवर खूण करणंच बरं.

एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या भरलेल्या सिरिंजलाही कॅलेंडरच. तारखेपुढे 'उजवी' किंवा 'डावी' लिहिलं की पोटाची बाजू आलटून-पालटून घेतली जाते. ४० मिग्रॅच्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नये, त्यासोबत औषधही वाया जातं. टोचल्यावर जागा चोळली तर निळे डाग वाढतात.

डब्याबद्दल तक्रार एकच, स्वस्त डब्यांची झाकणं. संधिवाताच्या बोटांना ती उघडत नाहीत, मग कोणीतरी सगळी उघडीच ठेवतं आणि गोळ्या मिसळतात. दाबून उघडणारं झाकण पाहून घ्यावं. जोडीला फोनचा अलार्म लावावा, पण तो गोळी गिळल्यावरच बंद करायचा.