कामिनो आणि शेगावची पायी वारी: बूट, सॅक, काठ्या आठ महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर आम्ही दोघांनी घेतलेल्या सामानाचा हा हिशेब. नोव्हेंबर ते एप्रिल ते विदर्भातच चाललं: पांदणीवर, धुऱ्यावरून, खामगाव ते शेगावच्या डांबरी रस्त्यावर. मे-जूनमध्ये फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतिआगो दे कोम्पोस्तेलापर्यंत, सुमारे 780 किमी. या वाटेला कामिनो म्हणतात. आपल्याकडचे बरेच वारकरी आता तिकडे जायचं मनात आणतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बूट. पाय गेला की बाकी सामान कितीही भारी असो, वारी तिथंच थांबते. आम्ही दोन वेगळे प्रकार घेतले. एक जोड घोट्यापर्यंतचा, आत पाणी अडवणारं अस्तर असलेला. दुसरा घोट्याखालचा, साध्या जाळीचा. आठ महिन्यांनंतर कौल जाळीच्या बाजूनं आहे, पण कामिनोपुरता. अस्तरवाल्या बुटात बाहेरचं पाणी येत नाही तसा आतला घामही नीट बाहेर जात नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात दहा किमीवर मोजा पिळून काढावा लागायचा, आणि ओला मोजा म्हणजे फोड आलाच समजा. शिवाय वरून पाणी शिरलं, की तो बूट वाळायला दोन दिवस लागतात. जाळीचा बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, तासाभरानं बोळे बदलून ठेवला, की सकाळी घालण्याजोगा होतो.

शेतात मात्र उलट. तूर कापल्यावर उरलेलं धसकट जाळीतून थेट बोटात घुसतं, त्यामुळे सरावासाठी धुरा सोडून आत शिरायचं असेल तर जाड बूटच हवा. ओल्या काळ्या मातीत तळाची नक्षीही बघा. दाट, बारीक नक्षीत माती भरते आणि शंभर पावलांत एकेका बुटाला विटेएवढं वजन चढतं. खाचा रुंद आणि दूर-दूर असतील तर ती आपोआप गळते. चिकटलेली माती ओली असताना खरवडू नका. सावलीत सुकू द्या, दोन बूट एकमेकांवर आपटा, मग ब्रश मारा. बूट धुऊन टिनाच्या पत्र्यावर वाळत घालणं ही इकडची सर्वांत महाग चूक आहे. तळ गोंदानं चिकटवलेला असतो, तापलेल्या पत्र्यावर गोंद मऊ पडतो आणि टोकाचा रबर सुटतो. आमच्या एका बुटाचा सुटला. दोन्ही बाजू सँडपेपरनं घासून, रबराच्या गोंदाचा पातळ थर दोन्हीकडे लावून, दहा मिनिटं सुकू देऊन दाबला आणि रात्रभर सुतळीनं आवळून ठेवला. पुढं 780 किमी टिकला. अस्तरवाल्या बुटाला मोच्याकडून वरच्या भागात टाके घालून घेऊ नका, प्रत्येक टाक्यातून पाणी आत येतं.

नंबर नेहमीपेक्षा अर्धा ते एक मोठा घ्यावा, आणि संध्याकाळी, ज्या मोज्यांवर चालणार तेच घालून. दिवसभर चालून पाय सुजतो. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ही जागा सपाट रस्त्यावर फुकट वाटते. तिची किंमत कामिनोच्या पहिल्याच दिवशी कळते.

त्या दिवसाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या सरावात हीच गोष्ट राहून जाते. सँ-जाँ साधारण 170 मीटर उंचीवर आहे. तिथून डोंगरावरून जाणाऱ्या वाटेनं, म्हणजे नेपोलियन मार्गानं गेलं, की लेपोएदेर खिंडीपर्यंत 1,400 मीटरच्या वर चढायचं आणि मग रोन्सेस्व्हायेसला 950 मीटरपर्यंत उतरायचं. सगळं मिळून सुमारे 25 किमी. चढाचा धसका सगळेच घेतात, पण चढ दमवतो तेवढाच. नखं काळी होतात ती शेवटच्या चार किमीच्या उतारावर. पाय पुढं सरकतो, नख बुटाच्या टोकावर आपटतं, आणि गुडघ्यावर प्रत्येक पावलाला सॅकसकट पूर्ण वजन येतं. उतरण्याआधी थांबून बुटाची नाडी पुन्हा बांधा: सर्वांत वरच्या जास्तीच्या छिद्रातून फास करून टाच मागं घट्ट, बोटांकडची नाडी सैल. खिंडीतून दोन वाटा फुटतात. जंगलातून सरळ उतरणारी वाट तीव्र आहे, उजवीकडची इबान्येता खिंडीची सौम्य. पावसात किंवा गुडघा दुखरा असेल तर उजवीच धरा. नेपोलियन मार्ग 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बंद असतो, तेव्हा खालून वालकार्लोसची वाट घ्यावी लागते. पहिल्या आठ किमीवर ओरिसाँला पाणी आणि खाणं मिळतं, पुढं फार थोडं. निघताना माणशी दोन लिटर पाणी घ्या.

आमच्याकडची जमीन तव्यासारखी सपाट. शेगावपर्यंत कितीही वेळा चाललं तरी उताराची सवय होत नाही. चिखलदऱ्याचा घाट, रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या, काहीच नसेल तर गावच्या धरणाची भिंत. भरलेली सॅक घेऊन आठवड्यातून दोनदा उतरा. चढण्यापेक्षा उतरणं मोजा.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं. मेरिनो लोकरीचे तीन जोड पुरले: एक पायात, एक वाळत, एक झोपताना. सकाळी बोटांच्या फटीत आणि टाचेला व्हॅसलिन. पायात कुठं चटका जाणवला की "पुढच्या गावात बघू" म्हणायचं नाही, तिथंच बसून कागदी चिकटपट्टी लावायची. फोडात दोरा ओवून ठेवायचा सल्ला वाटेवर दोन्ही देशांत मिळतो. तो ऐकू नका, दोऱ्यावाटे जंतू आत जातात.

सॅक 36 आणि 32 लिटरची. पाणी सोडून वजन शरीराच्या दहाव्या भागात बसवलं: साठ किलोच्या माणसाला सहा किलो. किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू मोजली तेव्हा जड काय निघालं? टॉवेल, जाड चादर आणि साबण-तेलाच्या बाटल्या. चादरीच्या जागी दीडशे ग्रॅमची रेशमी खोळ आली. सॅक विकत घेताना लिटरपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान झुकवली की जो मणका वर येतो, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. बांधायचा क्रम ठरलेला आहे: सगळे पट्टे सैल, आधी कमरपट्टा हाडावर (पोटावर नव्हे), मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. बहुतेक लोक खांद्यापासून सुरुवात करतात, म्हणून मान धरते. एका सॅकच्या कमरपट्ट्याचं बक्कल पाचव्या महिन्यात तुटलं. जास्तीचं बक्कल दहा-पंधरा ग्रॅमचं असतं, सोबत ठेवा.

जोडप्यानं जाण्यात वजनाचा खरा फायदा आहे. एक चार्जर, एक साबण, एक औषधाची डबी, एक नेलकटर. जवळपास किलोभर वाचलं. पण दोघांची चाल सारखी नसते. औषधाची डबी पुढच्याच्या पाठीवर आणि फोड मागच्याच्या पायाला, असं होतं. म्हणून चिकटपट्टी, पाणी, पासपोर्ट, थोडे युरो आणि शिक्के मारून घ्यायचं यात्रेकरूचं पुस्तक, म्हणजे क्रेडेन्शियल, ज्याचं त्याच्याकडे. बाकी वाटून घ्या.

काठ्यांचा फरक फक्त उतारावर कळतो, पण तिथं मोठा कळतो. पिळून घट्ट करायच्या काठीत आपली बारीक माती शिरते आणि ती ऐन वेळी आत घसरते. खटका-पट्टीवाली घ्या. कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतरताना पाच ते दहा सेंटीमीटर जास्त. घरी आल्यावर तिन्ही तुकडे वेगळे करून कोरड्या कापडानं पुसा, तेल लावू नका. विमानात केबिनमध्ये काठ्या नेऊ देत नाहीत, सामानात द्याव्या लागतात. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच.

कामिनो बहुतांश पश्चिमेला जातो, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीवर आणि दिवसभर डाव्या अंगावर. डावा कान, मान आणि पोटरी भाजते. इथं सुती दुपट्ट्याला तोड नाही. डोक्याला गुंडाळा, घाम पुसा, धर्मशाळेत म्हणजे आल्बेर्गेत खालच्या बंकला आडोसा करा. फक्त वाळण्याचा भरवसा धरू नका. विदर्भात एप्रिलमध्ये जो वीस मिनिटांत खडखडीत होतो, तोच गॅलिसियात, म्हणजे सांतिआगोकडच्या शेवटच्या टप्प्यात, रात्रभर टांगूनही सकाळी दमट. आल्बेर्गेत सॅक कधी बिछान्यावर ठेवू नका, ढेकूण असेच पुढच्या मुक्कामी जातात.

खाण्याचं थोडक्यात: जवसाची कोरडी चटणी आणि फुटाणे खूप उपयोगी पडले. दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढ्याचा प्रसाद घरीच ठेवावा लागतो. बटाट्याची तोर्तिया शाकाहारी समजून घेऊ नका, तिच्यात अंडं असतं.

व्हिसा स्पेनचा काढायचा. चालणं फ्रान्समधून सुरू होत असलं तरी जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

आजची स्थिती: जाळीच्या बुटाचा टाचेकडचा बाहेरचा तळ गुळगुळीत झालाय आणि आतला फोम बसलाय. वरून बरा दिसतो, पण लांब पल्ल्याला आता चालणार नाही, त्यामुळे तो बाजारहाटाला लागला. अस्तरवाला अजून दोन हंगाम जाईल. सॅक दोन्ही शाबूत आहेत. काठ्यांचे रबरी टोपण तीनदा बदलले, आणि पुढच्या माघातल्या शेगाव वारीसाठी चौथी जोडी आत्ताच आणून ठेवली आहे, कारण डांबरावर ते सर्वांत लवकर झिजतात.