जुने इंजेक्टर परत मिळाले, पण दुसऱ्याच गाडीचे

पहिल्यांदा डिझेल गाडी घेतली की जो भेटेल तो एक सल्ला देतोच: पार्ट बदलला की जुना पार्ट मागून घ्या. मीही मागितला. मेस्त्रीनं जरासुद्धा कुरकुर न करता चार जुने इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे पार्ट) फडक्यात गुंडाळून सीटमागं ठेवले. बिल झालं ६२,००० रुपये. ते इंजेक्टर अजून माझ्या घरी आहेत आणि त्यातला एकही माझ्या गाडीचा नाही.

गाडी २०१८ ची, बीएस-४, सेकंडहँड पिकअप. चालवतो मीच. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातनं गूळ भरून रत्नागिरीकडं उतरायचं, येताना हंगाम असेल तर आंब्याच्या पेट्या, नसेल तर मिळेल ते भाडं. रिकामी किंवा सपाटीवर गाडी छान पळायची. साखरपा सोडून आंबा घाटाची चढण लागली की मात्र दम जायचा. तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात टाकली तर मागं काळ्या धुराचा लोट, आणि बॉनेटखालनं शिट्टीसारखा आवाज. आवाज फक्त ॲक्सिलेटर दाबल्यावर यायचा. उभ्या गाडीत काही नाही.

यातली शिट्टीची गोष्ट मी गॅरेजमध्ये स्पष्ट सांगितली होती. नीट ऐकून घेतली असती तर तिथंच निकाल लागला असता. उलट आता वाटतं, ती त्यानं फारच नीट ऐकली.

गॅरेजचं नाव आणि पत्ता लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. मेस्त्रीनं गाडी चालू करायला लावली, दोन-चार वेळा रेस करायला सांगितली, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं आणि ते काळं झालेलं माझ्यापुढं नाचवलं. "पाहुणं, चारी इंजेक्टर गेल्यात. धूर बघा की कसला मारालीया. असंच पळवला तर पिस्टनला भोक पडंल, मग लाखाच्या घरात जातंय." गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला नाही. लावायचा का म्हणून विचारलं तर म्हणाला, "तीस वर्सं हातानं ओळखतोय, मशीन काय सांगतंय मला?"

धूर आणि इंजेक्टर यांचा संबंध खरा असतो, म्हणून हे पटतं. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळालेलं नाही. पण ते न जळण्याची मुख्य कारणं दोन: एक तर डिझेल जास्त पडतंय, नाहीतर हवा कमी पडतेय. इंजेक्टर हे पहिलं कारण. हवेच्या बाजूला एअर फिल्टर, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो, ती हवा गार करणारा इंटरकूलर आणि त्यांना जोडणारे रबरी होज (पाइप) येतात. मला निम्मीच गोष्ट सांगितली गेली, आणि ती निम्मी साठ हजारांची होती.

संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली तेव्हा ती अगदी सुसाट पळाली. धूर नाही, शिट्टी नाही. नव्या इंजेक्टरचे रिकामे खोके डॅशबोर्डवर मांडून ठेवले होते, नामांकित कंपनीचे, होलोग्रामसकट. वरनं बघितलं तर इंजेक्टरही चकचकीत. नव्या इंजेक्टरचं कोडिंग, म्हणजे त्यांचे कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरणं, करावं लागतं असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून विचारलं. उत्तर आलं, "ह्या मॉडेलला कोडिंग लागत न्हाई." पैसे क्यूआर कोडवर दिले. स्क्रीनवर आलेलं नाव गॅरेजचं नव्हतं, भाच्याचं आहे म्हणाला. पावती लेटरपॅडवर, जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. नुसतं "इंजेक्टर ४ नग".

पुढं काही आठवडे गाडी मजेत चालली. या प्रकारातली खरी चलाखी हीच. काम झाल्यावर गाडी बिघडलेलीच राहिली असती तर कुणीही दुसऱ्या दिवशी भांडायला गेला असता. इथं दुखणं खरोखर थांबलं होतं, त्यामुळं औषध खरं असणार असं धरून चालणं साहजिक होतं.

मग भरल्या गाडीनिशी घाटात फट्ट असा आवाज झाला आणि पुन्हा तेच, आधीपेक्षा जास्त. कसाबसा मलकापूरपर्यंत आलो आणि तिथनं पुढं हळूहळू कोल्हापूर.

या वेळी गाडी नेली उद्यमनगरात, पंप-इंजेक्टरचंच काम करणाऱ्या एका लॅबमध्ये. डिझेल इंजिनाचं आणि कोल्हापूरचं नातं जुनं आहे. शेतातली ऑइल इंजिनं इथं बनली, दुरुस्त झाली, आणि त्या पिढीच्या हाताखाली शिकलेली माणसं अजून आहेत. लॅबवाले काका गाडीला हात न लावता आधी दहा मिनिटं नुसते ऐकत होते. कधी होतंय, भरल्यावर की रिकामी, चढाला की सपाटीला, आवाज कुठनं. मग स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला पी०२९९. म्हणजे टर्बोचं प्रेशर पाहिजे तेवढं बनत नाही किंवा बनलेलं टिकत नाही. शिट्टी धरली तर कुठंतरी हवा गळतेय.

काकांनी इंटरकूलरच्या होजखाली हात घातला आणि हसले. होज खालच्या बाजूनं चिरला होता. चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, तिच्यावर बाइंडिंग वायरचे वेढे आणि वरनं काळं ऑइल फासलेलं, दिसू नये म्हणून. घाटात ती पट्टी सुटली होती. उभ्या गाडीत टर्बोचं प्रेशर जवळजवळ नसतंच, त्यामुळं चीर मिटलेली राहते. लोड आला की उघडते, हवा बाहेर जाते, शिट्टी वाजते, आणि इंजिनाला हवा कमी पडून धूर निघतो. नवा होज आणि दोन क्लॅम्प, मजुरीसकट १,८०० रुपये.

म्हणजे पहिल्या मेस्त्रीला दुखणं सापडलं होतं. ते त्यानं ट्यूबच्या तुकड्यानं बुजवलं आणि बिल इंजेक्टरचं लावलं. अडाणीपणानं झालेलं चुकीचं निदान असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

माझा पुढचा प्रश्न अर्थातच, मग इंजेक्टर तरी नवे आहेत का. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतनं डिझेल देणाऱ्या इंजिनाच्या) बहुतेक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरांचा आणि आकड्यांचा एक बारीक कोड असतो. कारखान्यात प्रत्येक नग तपासतात. ठरलेल्या मापापेक्षा तो किती कमी-जास्त डिझेल सोडतो, ते त्या कोडमध्ये नोंदलेलं असतं. इंजेक्टर बदलला की नव्याचा कोड स्कॅनरनं गाडीच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायचा असतो, म्हणजे ईसीएम त्याप्रमाणे डिझेल सोडतो. काकांनी ईसीएममधले चार कोड स्क्रीनवर काढले, इंजेक्टरची डोकी पुसली आणि मला म्हणाले, "तुम्हीच वाचा."

चारही कोड क्रमानं जुळत होते.

कोडिंग केलं नाही, हे पहिला मेस्त्री स्वतःच सांगून बसला होता. न भरलेले कोड नव्या इंजेक्टरशी जुळतील कसे? गाडीत होते ते जुनेच होते. इंजेक्टर उचलले की खालचा तांब्याचा वायसर नवा घालावा लागतो, पण इथं ते उचललेलेही नव्हते. बुडाशी धूळ आणि ऑइलचा थर जसाच्या तसा बसला होता, फक्त वरच्या भागावर चंदेरी स्प्रे मारलेला. घरच्या फडक्यातले चार इंजेक्टर मग लॅबला नेऊन दाखवले. त्यांच्यावरचा पार्ट नंबर माझ्या इंजिनाचा नव्हताच. कुठल्या गाडीचे होते, ते मेस्त्रीला माहीत.

म्हणून सांगतो, जुना पार्ट हातात मिळणं हा पुरावा नाही. भंगारात असले इंजेक्टर लागतील तेवढे मिळतात आणि रिकामे खोकेही मिळतात. गाडी गॅरेजला सोडण्याआधी, तुमच्यासमोर वरचं कव्हर काढायला लावून इंजेक्टरच्या डोक्यांचे फोटो काढा, कोड वाचता येईल असे. काम झाल्यावर पुन्हा काढा. परत मिळालेल्या जुन्यांवरचे कोड पहिल्या फोटोशी आणि नव्यांचे कोड ईसीएमशी जुळले पाहिजेत. पावतीवर पार्ट नंबर लिहून मागा. चांगल्या मेस्त्रीला याचा राग येत नाही, लॅबवाल्या काकांनी तर बिलावर कोड आपणहून लिहिले.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजेक्टर गेलेत असं कुणी म्हटलं की "रिटर्न टेस्ट करून दाखवा" म्हणा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला (जादा डिझेल परत जाण्याच्या वाटेला) एकेक नळी लावून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन थोडा वेळ चालवतात. झिजलेल्या इंजेक्टरची बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते. डोळ्यांना दिसतं, इंजिनिअर असायची गरज नाही. माझ्या चारही बाटल्यांत डिझेल जवळजवळ एकाच रेषेवर थांबलं. त्याउपर शंका असेल तर इंजेक्टर काढून बेंचवर लावतात आणि छापील रिपोर्ट मिळतो. तपासणीचे पैसे वेगळे द्यावे लागतात, ते द्यावेत. फुकट तपासून देणारा आपली मजुरी पार्टमधनं काढतो.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. जुने मेस्त्री इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचा पाइप सैल करतात आणि कुठला सिलिंडर मार खातोय ते बघतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर ते चालून जायचं. कॉमन रेलमध्ये प्रेशर हजार बारच्या वर जातं. सैल पाइपातनं उडणारी डिझेलची धार दिसायला केसाएवढी असते, पण कातडी भेदून आत शिरते.

पुरावे घेऊन परत गेलो तेव्हा पहिलं वाक्य होतं, "गाडी पळाली न्हवं? मग तक्रार कसली?" ट्यूबच्या पट्टीचा फोटो दाखवल्यावर पोरानं केलं असंल म्हणाला. कोडची गोष्ट काढल्यावर आवाज खाली आला आणि वीस हजार देतो, कागदावर सही करा, असं सुरू झालं. कागद होता "माझी कोणतीही तक्रार नाही" असा. सही केली नाही. असा कागद कुणी पुढं केला तर तुम्हीही करू नका. पैसे परत देणाऱ्याला पैसे मिळाल्याची पावती पुरते.

पिकअपवाल्यांचा एक गैरसमज असतो की पिवळी नंबर प्लेट म्हणजे धंद्याची गाडी, त्यामुळं ग्राहक आयोगात आपल्याला जागा नाही. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, फक्त स्वयंरोजगारातनं पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरलेली नाही. त्याआधीच्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच, स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक ठरतो, असं म्हटलं होतं. ड्रायव्हर ठेवून पाच-सहा गाड्या पळवणाऱ्याचं प्रकरण वेगळं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. सुरुवात १९१५ या हेल्पलाइनवरनंही करता येते.

मी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. सोबत लेटरपॅडची पावती, क्यूआर पेमेंटचा स्क्रीनशॉट, स्कॅनरवरच्या कोडचे आणि पट्टीचे फोटो, लॅबचं लेखी निदान. उत्तराची मुदत संपली की तक्रार दाखल होईल. मधल्या काळात भाच्याच्या खात्यातनं माझ्या खात्यावर न सांगता दहा हजार आले. वकील म्हणाले, राहू देत, पैसे घेतल्याची कबुली त्यांनीच दिली.