दुधाच्या दाढेचं रूट कॅनल आणि स्टीलची कॅप, आमचा अनुभव

लेक साडेचार वर्षांची, खालच्या दाढेला कीड. घरात सगळे म्हणत होते दुधाचे दात आहेत, पडणारच, कशाला खर्च करता, पण रात्री दोनला गाल धरून रडत उठली तेव्हा माझ्याने बघवेना. मग लहान मुलांच्या डेंटिस्टकडे गेलो. मॅडमनी एक्सरे दाखवून नीट समजावलं की दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत लागतात, लवकर काढली तर बाजूचे दात सरकतात आणि पक्क्या दाताला जागाच उरत नाही. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं हो!

पहिल्या दिवशी फक्त खुर्ची वरखाली करून खेळवलं, हात सुद्धा लावला नाही दाढेला. दुसऱ्या वेळी भूल देऊन रूट कॅनल आणि वर स्टीलची कॅप. थोडी रडली, पण संध्याकाळी वरणभात खाल्ला. कॅप चंदेरी दिसते, चालतंय, दाढेबरोबरच पडणार आहे ती.

अपॉइंटमेंट असून तासभर थांबवलं, कॅपचे पैसेही आधी सांगितले नाहीत, हे मात्र खटकलं. झोपताना दुधाची बाटली बंद करा आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडवाली पेस्ट वापरा म्हणाल्या, आता रात्रीचं ब्रश मीच करून देते.