भीतीचा पस्तावा की खरा पश्चात्ताप?

येशूचे दोन शिष्य: त्याला धरून देणारा यहूदा आणि त्याला ओळखतच नाही म्हणणारा पेत्र. पस्तावले दोघेही. यहूदाने तर त्यासाठी मिळालेली चांदीची 30 नाणी परतही केली (बायबल, मत्तय 27), पण गेला याजकांकडे. येशूकडे वळलाच नाही. पेत्र ढसाढसा रडला आणि परतला. पश्चात्तापासाठीच्या ग्रीक ‘मेटानोइया’चा अर्थच मन पालटणे.

जालन्याच्या मोंढ्यात क्विंटलमागे 2 किलो काटा मारणारा सापडल्यावर रडतो, ते बहुधा लायसन जाईल म्हणून. खरा पस्तावलेला जुनी वही काढतो, कुणाचे किती मारले ते मोजतो. बायबलमधल्या मोशेच्या नियमात परत द्यायचे ते मुद्दल अधिक पाचवा हिस्सा, म्हणजे 10,000 चे 12,000. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयने तर चौपट कबूल केले!

सुरुवात भीतीने झाली तरी चालते. बिघडते ते तिथेच अडकल्यावर: दुष्काळात रोज प्रार्थना, पाऊस पडला की चर्चला दांडी.