आकाशात काहीतरी दिसलं तर पंचनामा कोण करतं? फ्रान्सच्या झेइपानचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. पण आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते कारण आपल्याकडे फार लोकांना माहीत नाही, मलाही दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं.

फ्रान्समध्ये एखाद्याला आकाशात विचित्र काही दिसलं, म्हणजे प्रकाश, गोळा, तबकडी, काहीही, तर ते रिपोर्ट करायला चक्क सरकारी ऑफिस आहे. झेइपान त्याचं नाव. क्नेस म्हणजे आपल्या इस्रोसारखी त्यांची जी अंतराळ संस्था आहे तिच्याच आत, तुलूज शहरात, मोजक्या माणसांचा हा विभाग चालतो. सुरू झाला १९७७ मध्ये, तेव्हा नाव झेपान होतं, मग १९८८ मध्ये सेप्रा झालं आणि २००५ पासून झेइपान. नावात मध्ये जो आय वाढला तो इन्फॉर्मेशनचा, म्हणजे लोकांना माहिती देणं हे कामातच धरलं गेलं. आणि ते त्यांनी केलं, मार्च २००७ मध्ये सगळ्या जुन्या फाईली इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, तेव्हा सुमारे १६०० प्रकरणं होती, आणि पहिल्याच दिवशी इतके लोक तुटून पडले की साईट बसली. तीच साईट मी गेले दोन महिने रोज रात्री उघडून बसते, त्या अनुभवावरून हे लिहितेय.

मी तिथे पोचले बाबांमुळे. बाबांनी तरुणपणी एकदा पहाटे गाडीतून जाताना एक प्रखर प्रकाश पाहिलेला, गाडी वळली की तोही वळायचा, गाडी थांबली की थांबायचा, असा बराच वेळ सोबत आला आणि मग उजाडताना गेला. आयुष्यभर ते हे सांगत आले आणि आयुष्यभर लोक हसत आले. तेव्हा त्यांनी एका सरकारी कार्यालयात जाऊन सांगायचा प्रयत्नही केला होता, तिथल्या माणसाने कागदसुद्धा पुढे ओढला नाही, झोप झाली नसेल म्हणाला. बाबांना प्रकाशापेक्षा ते जास्त लागलंय असं मला नेहमी वाटतं. म्हणून जगात कुठे कोणी अशा माणसाचा नीट जबाब घेतं का हे शोधत होते.

तर घेतात. फ्रान्समध्ये असं काही दिसलं की लोक झाँदार्मरीकडे जातात, म्हणजे तिकडचं छोट्या गावांतलं पोलीस दल, ते रीतसर जबाब लिहून घेतात आणि तो झेइपानला पाठवतात. आता थेट ऑनलाईन फॉर्मही भरता येतो. आणि फॉर्म काय सुंदर केलाय हो! किती वाजता, कुठे उभे होतात, कुठल्या दिशेला तोंड होतं, क्षितिजापासून किती वर, आवाज होता का, ढग होते का, कुठे नाहीसं झालं, आणि चित्र काढून द्या. आकार मीटरमध्ये सांगून उपयोग नसतो कारण रात्रीच्या आकाशात अंतराचा अंदाजच येत नाही, जवळचा छोटा दिवा आणि लांबचा मोठा दिवा सारखाच दिसतो, म्हणून हात लांब करून धरलेल्या वस्तूशी तुलना करायला सांगतात. हे घरी करून बघा, हात पूर्ण लांब करून करंगळी धरली तर पौर्णिमेचा अख्खा चंद्र तिच्या निम्म्या रुंदीत झाकला जातो. कोणाला विचारलंत तर थाळीएवढा म्हणेल.

मग तपास. त्या वेळी चंद्र कुठे होता, शुक्र कुठे होता, कोणती विमानं गेली, उपग्रह दिसण्यासारखा होता का, वारा कुठल्या दिशेचा होता, हे सगळं तपासलं जातं. वाऱ्याचं का, तर केशरी गोळे आवाज न करता सावकाश गेले आणि काही मिनिटांनी एकेक करून विझले अशा तक्रारी खूप येतात आणि ते बहुतेक वेळा कोणीतरी समारंभात सोडलेले कागदी आकाशकंदील निघतात, वाऱ्याची दिशा जुळली की विषय मिटतो. गरज पडली तर प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक साक्षीदाराला घेऊन त्याच जागेवर उभे राहतात आणि बोट कुठे दाखवतो ते मोजतात. हवामान खातं, हवाई दल, संशोधक यांचीही मदत घेतात. शेवटी प्रकरणाला एक अक्षर मिळतं. ए म्हणजे नक्की कळलं काय होतं, बी म्हणजे बहुधा कळलं, सी म्हणजे सांगता येत नाही कारण माहितीच अपुरी, आणि डी म्हणजे माहिती भरपूर आहे, तपासही झाला, तरी उलगडा नाही.

हा सी आणि डी मधला फरक मला या सगळ्या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली. आपण एरवी दोन्ही एकाच टोपलीत टाकतो, कळलं नाही म्हणजे गूढ, गूढ म्हणजे परग्रहवासी. कागद अर्धवट असल्यामुळे न कळणं वेगळं आणि सगळे कागद समोर असून न कळणं वेगळं, आणि हे वेगळेपण एका सरकारी खात्याने अक्षर देऊन नोंदवलंय.

आता दोन फाईलींबद्दल सविस्तर.

पहिली ५ नोव्हेंबर १९९० ची. संध्याकाळी सातच्या सुमारास जवळजवळ अख्ख्या फ्रान्सवरून नैऋत्येकडून ईशान्येकडे काहीतरी गेलं आणि हजारो लोकांनी ते पाहिलं. कोणी प्रचंड मोठा त्रिकोण म्हणालं, कोणी दिव्यांची रांग असलेलं अवाढव्य यान म्हणालं, कोणी म्हणालं अगदी घरांच्या वरून गेलं आणि आवाज शून्य. प्रत्यक्षात तो होता सोव्हिएत प्रोटॉन रॉकेटचा तिसरा टप्पा, गोरिझोंत नावाचा दळणवळण उपग्रह दोन दिवस आधी सोडला होता त्याचा, तो वातावरणात शिरून जळत, तुकडे होत चालला होता, तेही कित्येक किलोमीटर उंचीवर. उल्का काही सेकंदात संपते पण असा तुकडा जवळजवळ आडवा येतो म्हणून मिनिटभर किंवा जास्तही दिसत राहतो, शांतपणे, आणि तुकडे एकाच वेगाने चालत असल्यामुळे डोळा आपोआप त्यांच्यामध्ये रेघा ओढतो आणि काळोखाचं यान तयार करतो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. साक्षीदार खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच त्रिकोण दिसला होता! माणूस प्रामाणिक असूनही चुकीचं बघू शकतो हे मला माहीत होतं, पण हजारो माणसं एकाच संध्याकाळी तशी बघतात याचा असा कागदोपत्री पुरावा वाचायला मिळणं वेगळंच.

दुसरी त्रां-आं-प्रोव्हांस गावची, ८ जानेवारी १९८१. दुपार कलताना आपल्या बागेत काम करणाऱ्या एका माणसाने सांगितलं की हलकीशी शिट्टी ऐकू आली आणि एक धातूसारखी वस्तू खाली उतरली, थोडा वेळ थांबली आणि निघून गेली, जमिनीवर गोल खूण राहिली. इथे पोलिसांचं काम बघण्यासारखं आहे, दुसऱ्याच दिवशी ते आले, मोजमाप, फोटो, मातीचे नमुने, आणि आजूबाजूच्या लसूणघासाची पानंसुद्धा नेली. प्रयोगशाळेत खुणेजवळच्या पानांमधलं हरितद्रव्य लांबच्या पानांपेक्षा बरंच कमी सापडलं. टीकाकारांनी नंतर बरेच आक्षेप घेतले, खूण टायरची असू शकते, नमुने घेण्याची पद्धत पुरेशी काटेकोर नव्हती, आणि ते आक्षेप मला बिनबुडाचे वाटत नाहीत. साक्षीदार एकच होता हेही आहेच. मला उत्तर माहीत नाही. पण वाद घालायला दोन्ही बाजूंच्या हातात मोजमापं आहेत, नुसती हाणामारी नाही, आणि ते का आहे तर एका साध्या पोलिसाने वेळेवर घासाची पानं पिशवीत भरली म्हणून.

तुलना म्हणून मी अमेरिकेच्या ब्लू बुकचे कागदही चाळले. तो आकाशात दिसलेल्या अशाच गोष्टींच्या तपासाचा हवाई दलाचा प्रकल्प, १९५२ ते १९६९, मुख्य ठिकाण ओहायोतला राइट-पॅटरसन तळ, एकूण १२,६१८ नोंदी आणि त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत न ओळखलेल्या. स्कॅन केलेले कागद आज फुकट वाचता येतात आणि टाईपरायटरची ती अक्षरं वाचायला मजाही येते. प्रत्येक प्रकरणाला एक कार्ड आहे आणि त्यावर निष्कर्षाचे चौकोन आधीच छापलेले, फुगा होता, बहुधा फुगा, कदाचित फुगा, मग विमानाचे तसेच तीन, मग ग्रहताऱ्यांचे तीन. एका बाजूने बघितलं तर ही शिस्तच आहे. पण शंभरेक कार्डं बघितल्यावर मला त्या चौकोनांचाच त्रास व्हायला लागला, कारण घाईतल्या माणसाला जवळचा चौकोन सापडतोच. १९६६ मध्ये मिशिगनमध्ये बऱ्याच लोकांनी दिवे पाहिले, ब्लू बुकचे शास्त्रीय सल्लागार जे. अ‍ॅलन हायनेक यांनी पत्रकारांसमोर दलदलीतल्या वायूचं कारण सुचवलं, आणि लोक इतके चिडले की तिथले अमेरिकी संसदेचे सदस्य जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी चौकशीची मागणी केली. कारण कदाचित काही ठिकाणी बरोबरही असेल, पण ज्याने पाहिलं त्याला वाटलं आपल्याला वेड्यात काढलं. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने तर २००९ मध्ये अशा नोंदी घेणारं आपलं टेबलच बंद केलं, पन्नासहून जास्त वर्षांत देशाला धोका असल्याचं एकाही नोंदीतून दिसलं नाही म्हणाले. संरक्षण खात्याच्या दृष्टीने बरोबर आहे ते. पण साक्षीदाराचा प्रश्न धोका आहे का हा नसतोच, मी काय पाहिलं हा असतो, आणि झेइपान त्या प्रश्नाला उत्तर देतं म्हणून मला ते वरचढ वाटतं.

आता अर्धा मार्क. एक तर साईट मुळात फ्रेंचमध्ये, जुने जबाब म्हणजे टाईप केलेल्या कागदांचे स्कॅन, नावं काळी केलेली (ते योग्यच आहे), त्यामुळे आपोआप भाषांतर सगळीकडे चालत नाही, चिकाटी लागते. दुसरं, तपास फ्रान्सपुरताच, बाहेरच्या माणसाला फाईली वाचण्यापलीकडे उपयोग नाही. तिसरं म्हणजे डी चं प्रमाण. २००७ मध्ये साधारण पाव भागापेक्षा जास्त प्रकरणं डी होती, आता तीन टक्क्यांच्या आसपास आहेत, कारण जुन्या फाईली नव्या साधनांनी पुन्हा तपासून बऱ्याच खाली आणल्या. काही लोकांना यात लपवाछपवी दिसते. मला तसं वाटत नाही, बदललेल्या फाईली मी वाचल्या त्यात कारणं लिहिलेली आहेत आणि पटण्यासारखी आहेत, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या जबाबावरून आज बहुधा अमुक असं म्हणताना कुठे थांबायचं हा प्रश्न राहतोच आणि तिथे मी अर्धा मार्क राखून ठेवलाय.

बाबांचं सांगायचं राहिलं. झेइपानच्या फॉर्मसारखाच एक कागद मी मराठीत तयार केला आणि एका रविवारी बाबांना घेऊन बसले. बाबा, तुमचं तोंड कुठे होतं, उजवीकडे होता की डावीकडे, झाडांच्या किती वर. ते आधी म्हणाले जाऊ दे गं आता कशाला, आणि मग हात लांब करून अंगठ्याचं नख धरलं, एक डोळा मिटला, भिंतीकडे बघत बराच वेळ तसेच बसले आणि म्हणाले नाही, नखापेक्षा पुष्कळ लहान, टिपकाच होता, पण दिवा डोळ्यात मारल्यासारखा. पूर्वेकडे. पहाटे. उजाडेपर्यंत. म्हणजे वर्णन शुक्राचं आहे, गाडीसोबत चालतो तोही त्याचाच गुण, फार लांबच्या वस्तू आपल्याबरोबर चालल्यासारख्या वाटतात. मी लॅपटॉपवर आकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं पण वर्ष त्यांना नक्की आठवेना, दोन वर्षं म्हणाले, एका वर्षी त्या महिन्यात शुक्र पहाटे पूर्वेला आहे आणि दुसऱ्या वर्षी संध्याकाळी पश्चिमेला. तारीख नाही, दुसरा साक्षीदार नाही. मी प्रामाणिकपणे कागदावर सी लिहिलं. बाबांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला, सी म्हणजे काय ते विचारलं, आणि घडी करून त्यांच्या बँकेच्या पासबुकात ठेवला.

साईट बघणार असाल तर थेट डी मध्ये शिरू नका, सगळे तेच करतात. आधी ए वाचा, पंधरा-वीस तरी. कंदील, शुक्र, विमानाचे उतरतानाचे दिवे, रॉकेटचे तुकडे, आणि आता २०१९ पासून स्टारलिंकच्या उपग्रहांच्या माळा, हे लोकांना आपापल्या शब्दांत कसे दिसतात ते डोक्यात बसलं की मग डी मधली फाईल वाचताना आपल्यालाच प्रश्न पडायला लागतात आणि तेव्हाच ती खरी वाचली जाते. बाबा सध्या ए मध्येच आहेत, रात्री जेवण झालं की एक फाईल, भाषांतर मी करून देते आणि उत्तर वाचायच्या आधी ते स्वतःचा अंदाज सांगतात.